निम्म्या किमतीचा शिक्का

सदर इसमाचे नाव अनंत गोपाळ खळदकर. वय वर्षे चव्वेचाळीस पूर्ण. राहणार कोथरूड, धंद्याचे ठिकाण कसबा पेठ. वर्ण गव्हाळ, उंची पाच फूट पाच इंच, अंगकाठी किरकोळ. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यास जांभळी शाई. व्यवसायाचे स्वरूप: वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या डिस्कची खरेदी-विक्री, तथापि असा व्यवसाय यादीत उपलब्ध नसल्याने 'जुनी पुस्तके व तत्सम' या सदरात समाविष्ट. मालकी एकट्याची. कामगार निरंक. साप्ताहिक सुट्टी सोमवार. पाहणीच्या वेळी सदर इसम दुकानात हजर आढळून आला. मात्र बसलेला आढळून आला नाही.

शेवटचं वाक्य दुकान-नोंदणीच्या निरीक्षकांनी लिहिलं नाही, तोंडी म्हटलं. "खळदकर, बसा की जरा. मला लिहायचंय आणि तुम्ही सारखे उजेडात येताय." अनंत 'हो हो' म्हणाला आणि उजेडातून अंधारात गेला. दुकानात एक स्टूल होतं, ते गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच्यावर खोकी असत. फोन आला की अनंत बोलत बोलत बुरूड आळीच्या तोंडापर्यंत जाई आणि काय बोललो ते विसरून परत येई. फळीवरच्या डिस्क तो सकाळी अक्षरांप्रमाणे लावी, दुपारी किमतीप्रमाणे आणि संध्याकाळी दोन्ही चुकलं म्हणून पुन्हा. शेजारचे पोपटराव, ज्यांचं सुपं आणि टोपल्यांचं दुकान होतं, ते म्हणत, "खळदकर, तुम्हाला भाडं चौरस फुटावर नाही, किलोमीटरवर लावायला पाहिजे."

अशा माणसाला एका जागी बसून गेम खेळणं जमणार नव्हतंच. सात वर्षं गेमचं दुकान चालवून त्याने एकही गेम पहिल्या पायरीच्या पुढे खेळला नव्हता. पण त्याला सगळ्या गेमचे शेवट ठाऊक होते. कारण डिस्क विकायला येणाऱ्याला तो आधी एक प्रश्न विचारी: "शेवट काय आहे?" ज्याला सांगता येई, त्याची डिस्क स्वतःची. ज्याला येत नसे, त्याने ती भावाच्या नाहीतर रूममेटच्या कपाटातून उचललेली असायची. पोलिसांकडे याहून चांगली पद्धत नाही, असं पोपटराव म्हणत. हिंजवडीतले दाढीवाले इंजिनियर मग काउंटरला कोपर टेकवून सांगत: राजकन्या मरते, पण खरं तर मरत नाही, जहाज बुडतं, नायकच खलनायक निघतो. अनंत डिस्क तिरकी धरून चरे बघत ऐके. मध्येच विचारी, "मग त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" म्हाताऱ्याचं काय झालं हे बहुतेकांच्या लक्षात नसे. अशांना तो पन्नास रुपये कमी देई.

हा धंदा वडिलांचा, म्हणजे माल वडिलांचा नव्हे, रीत वडिलांची. गोपाळराव खळदकरांनी अप्पा बळवंत चौकात तीस वर्षं जुनी पाठ्यपुस्तकं विकली. परीक्षा संपली की मुलं पुस्तकं आणून देत आणि जून उजाडला की दुसरी मुलं तीच घेऊन जात. एकेक बीजगणित सहा-सहा जणांना नापास करून मग रद्दीत जाई. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर गोपाळरावांचा जांभळा रबरी शिक्का असे, दोन ओळींचा. पहिली ओळ: 'परत आणल्यास निम्मी किंमत मिळेल.' दुसरी ओळ, कंसात आणि बारीक अक्षरांत: 'अभ्यासक्रम बदलला नसल्यास.'

पुस्तकं छापणाऱ्यांना जुन्या पुस्तकांचा हा व्यवहार कधीच आवडला नाही. ते दर दोन-तीन वर्षांनी 'सुधारित आवृत्ती' काढत. सुधारणा म्हणजे धडा चार उचलून सहाच्या जागी ठेवायचा. तेवढ्याने जुनं पुस्तक मरे. गोपाळराव कुरकुरत, पण बुडत नसत. कंसातली ओळ त्यांना तारून नेई.

दोन हजार पाचच्या सुमारास पुस्तकांचं दुकान चालेना. पोरांच्या हातात पैसा आला होता, घराघरांत टीव्हीखाली गेम खेळायची काळी-पांढरी यंत्रं आली होती. नवी डिस्क अडीच हजारांची. एवढ्यात एक पोर जन्माला घालता येतं, असं वासंती म्हणाली. वासंती म्हणजे अनंताची बायको, कोथरूडच्या शाळेत गणित शिकवते. अनंताने ओळखलं की अडीच हजारांची वस्तू आहे तिथे निम्म्या किमतीचं गिऱ्हाईक असणारच. त्याने कसब्यात गाळा घेतला, नव्या आणि जुन्या डिस्क ठेवल्या आणि वडिलांचा शिक्का काढला. प्लास्टिकच्या डबीवर शाई धरेना, म्हणून कागदाचं लेबल चिकटवून त्यावर किंमत लिहायची आणि खाली शिक्का मारायचा, अशी सोय केली.

फक्त दुसरी ओळ त्याने ब्लेडने तासून टाकली. गेमला कुठला आलाय अभ्यासक्रम?

"राहू द्या ती ओळ," वासंती म्हणाली होती. "जागा खात नाहीये."

"अगं, लोक हसतील."

"हसू देत की. हसणारी माणसं पैसे परत मागत नाहीत."

त्याने तासलीच. ब्लेडचा तुकडा अंगठ्याला लागला, त्यावर शाई गेली, आणि ती खूण राहिली ती राहिली.

सात वर्षं शिक्का चोख चालला. माणूस नवी डिस्क घेई, दोन महिने खेळे, शेवट सांगे, निम्मे पैसे घेई आणि त्याच पैशांत दुसरी नेई. त्या दोन महिन्यांत कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं देणं राहिलं नाही आणि अनंत फळीवरची रचना बदलत राहिला.

मग दोन हजार बाराच्या दिवाळीत फुटबॉलचा नवा गेम आला. दरवर्षी येई तसाच. खेळाडूंच्या केसांचा भांग बदललेला, बाकी मैदान तेच. अनंताने भरपूर मागवले, हातोहात विकले, प्रत्येकावर शिक्का मारला. जानेवारीत त्यातला पहिला परत आला, तो त्याने निम्म्यात घेतला आणि पुढच्याच शनिवारी आनंद बोरकुटेला विकला.

आनंद बोरकुटे मूळचा वणीचा. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीला, चौघांत एक खोली. दर शनिवारी दोन बस बदलून कसब्यात येई, कारण त्याच्या मते हिंजवडीत सगळं मिळतं, फक्त दुकानदार बोलत नाहीत. तो पुढच्या शनिवारी डबी घेऊन दारात उभा राहिला.

"भाऊ, हा कोड मांगून राहिला."

"कोण?"

"गेम. एकट्याने खेळा म्हणते, ते चालते. पण दुसऱ्यासोबत ऑनलाइन खेळाचं असन त कोड टाका म्हणते. डबीत चिठ्ठी होती, त्यातला टाकला. त म्हणते, ऑलरेडी यूज्ड."

"मग एकट्याने खेळा की. व्यायाम तेवढाच."

आनंद हसला नाही. "गावाकडचा मित्र आहे जी, वणीचाच. तो नागपूरला, मी इथं. रोज अर्धा तास त्याच्यासोबत खेळाले घेतला होता."

अनंताने त्याचे पैसे तिथल्या तिथे पूर्ण परत दिले. आनंदने लाजत लाजत त्याच पैशांत आपले पैसे घातले आणि सीलबंद नवा गेम घेतला, शिक्क्यासकट. तो गेल्यावर अनंताने सात वर्षांत पहिल्यांदा एक सीलबंद डबी स्वतः फोडली. आजवर ते त्याने तत्त्व म्हणून केलं नव्हतं. फोडलेली डबी म्हणजे जुनी डबी. आत एक इवलीशी चिठ्ठी होती. तिच्यावर खरवडायचा कोड, आणि खाली मुंगीच्या आकाराच्या इंग्रजीत असं की हा कोड एकाच माणसाने एकदाच वापरायचा आहे. शिवाय ही डिस्क ग्राहकाला विकण्यात आलेली नसून तिच्या वापराची मर्यादित परवानगी त्यास देण्यात आलेली आहे.

म्हणजे सात वर्षं तो जी वस्तू विकत होता, ती कोणी त्याला विकलेलीच नव्हती. तो चिठ्ठी हातात धरून कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"काय झालं?" पोपटरावांनी टोपल्यांच्या उतरंडीमागून विचारलं.

अनंताने सांगितलं. पोपटरावांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "मी एक टोपली विकली. बाईने वर्षभर वापरली आणि जावेला दिली. जावेने भाकऱ्या ठेवल्या रे ठेवल्या की तळ गळून पडायचा. अशी टोपली."

"तशीच."

"विणायला अवघड आहे," पोपटराव आदराने म्हणाले.

पण अनंताचं दुखणं टोपलीचं नव्हतं, शिक्क्याचं होतं. असे किती गेम बाहेर होते, प्रत्येकाच्या लेबलावर त्याच्या बापाच्या अक्षरांत वचन दिलेलं, आणि प्रत्येकजण केव्हाही येऊन निम्मे मागणार. परत घ्यावे तर पुढे कोणी विकत घेणार नाही. न घ्यावे तर खळदकरांचा शिक्का खोटा. आणि केव्हापर्यंत, तेही शिक्क्यात नव्हतं. ज्या ओळीत असायला हवं होतं, ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने तासली होती.

त्या रविवारी कोथरूडच्या घरी भाची जेवायला आली. वल्लरी, बहिणीची मुलगी. हिंजवडीत एका स्टुडिओत काम करते. परदेशी कंपन्यांच्या गेममधली चित्रं, झाडं, भिंती, ढग वगैरे इथून करून जातात. अनंताने वरण-भात कालवता कालवता चिठ्ठीची गोष्ट काढली, कारण त्याला कोणीतरी 'अरेरे' म्हणायला हवं होतं.

वल्लरी 'अरेरे' म्हणाली नाही. "मामा, खरं सांगू? मला ते बरोबर वाटतं."

अनंत ताट घेऊन उठला. जेवताना उठू नये हे त्याला माहीत होतं.

"बसा," वासंती म्हणाली. "ती बाहेर पळून जात नाहीये."

"त्या फुटबॉलमधलं गवत आमच्या टीमने केलंय," वल्लरी म्हणाली. "चौदा महिने. सकाळचं गवत वेगळं, पाऊस पडून गेलेलं वेगळं, गोलपोस्टपुढचं तुडवलेलं वेगळं. तुम्ही एक डिस्क पाच जणांना विकता. आम्हाला एकदाच पैसे मिळतात. चार वेळा फक्त तुम्हाला."

"गवत सुंदर आहे," अनंत म्हणाला. त्याने ते पाहिलं नव्हतं. "पण हे बघ. कसब्यातल्या तांबटाने हंडा घडवला. तो मी विकत घेतला. पुढे मी तो मोडीत काढला किंवा तुला विकला, तर तांबट येतो का दारात, माझा वाटा म्हणून?"

"हंडा झिजतो मामा. पोचे पडतात, कल्हई जाते. जुना हंडा नव्याच्या बरोबरीचा नसतो, म्हणून लोक नवाही घेतात. गेम झिजत नाही. पाचव्या माणसालाही माझं गवत तितकंच हिरवं दिसतं. मग त्याने नवी डिस्क का घ्यावी?"

"कारण त्याच्याकडे अडीच हजार नाहीत म्हणून! नवी घेणारा तरी का घेतो? निम्मे परत मिळणार हे ठाऊक असतं म्हणून. माझ्या निम्म्यावर तुमची पूर्ण खपते."

"आमच्यातल्या सहा जणांना गेल्या मार्चमध्ये काढलं," वल्लरी म्हणाली. "मेलमध्ये कारण लिहिलं होतं. जुन्या डिस्कचा बाजार."

"मेलमध्ये काहीही लिहितात."

"हो. शिक्क्यातही."

मग वल्लरीच हळू आवाजात म्हणाली, "आणि मी हे काम शिकले कशावर? कॉलेजला असताना तुमच्याकडून निम्म्यात नेलेल्या गेमवर. भिंतीला नाक लावून बसायचे टीव्हीपुढे, सावली कशी पाडलीय बघत. नवे घ्यायची ऐपत कुठे होती? म्हणून तर मला धड तुमच्याशी भांडताही येत नाही."

"हे न भांडणं चाललंय होय," वासंती म्हणाली. तिने दोघांना ताक वाढलं. "माझ्या हिशेबाने तुम्ही दोघंही बरोबर आहात. तिला गवताचे मिळायला हवेत आणि ह्यांना डिस्क विकता यायला हवी. अडकलंय कोण, तर ज्याने शिक्का मारलाय तो. आणि त्याला कोणी सांगितलं होतं ती ओळ राहू द्या म्हणून, हे मी आता काढत नाही."

त्यानंतरचे पाच महिने अनंत आणखी वेगाने हिंडला. शनिवारी एखाद-दुसरा फुटबॉल परत येई. तो निम्मे देई आणि डबी वरच्या फळीवर टाकी. काहींवर त्याने प्रामाणिकपणे चिठ्ठी चिकटवली: 'यात फक्त घरच्या माणसांशी खेळता येते.' त्या काळात घरच्या माणसांशी खेळायला फारसं कोणी तयार नव्हतं. त्याने कंपनीला एक पत्र लिहिलं, तीन पानी, मुद्देसूद. उत्तर आलं की आपल्या भावना योग्य विभागाकडे पाठवण्यात आल्या आहेत. भावना पाठवल्या गेल्या, हे वाचून तो दोनदा शनिवारवाड्यापर्यंत जाऊन आला.

जूनमध्ये बातमी फुटली. एक बडी परदेशी कंपनी नवं यंत्र आणणार, आणि त्या यंत्रात डिस्क एकदा घातली की ती त्याच माणसाच्या नावे कायमची बांधली जाणार. आता फुटबॉलच नव्हे, सगळेच गेम. दुसऱ्याने घातली तर यंत्र ओळख दाखवणार नाही. पुण्यात जी मंडळी यंत्रं वापरत होती, त्यांनी ती बातमी वाचली आणि सर्वांच्या डोक्यात एकच विचार आला: जुन्या डिस्कना किंमत आहे तोवर खळदकरांकडे टाकून याव्यात. शिक्का आहेच.

अनंताला ते शुक्रवारीच कळलं. दिवसभर फोन वाजत होता. शनिवारी सकाळी त्याने पुठ्ठ्यावर मार्करने पाटी लिहिली आणि दारावर टांगली.

'सर्व ग्राहकांस कळविण्यात येते की, कंपन्यांच्या बदललेल्या धोरणामुळे यापुढे कोणतीही डिस्क परत घेतली जाणार नाही. लेबलावरील मजकूर ग्राह्य धरू नये. या विषयावर चर्चा केली जाणार नाही. — व्यवस्थापन.'

व्यवस्थापन म्हणजे तोच. पहिली आली ती सृष्टी नावाची मुलगी, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. पिशवीत सहा डब्या.

"व्यवस्थापनाला बोलवा," ती म्हणाली.

"बाहेर गेलंय."

"कधी येणार?"

"चर्चा केली जाणार नाही असं लिहिलंय."

"मी चर्चा करत नाहीये काका, चौकशी करतेय. पाटी कधीची? आजची. शिक्का कधीचा? मागच्या वर्षीचा. मग आधीचं कोणतं?"

"तुम्ही पास झालात की या. तेव्हा बोलू."

"तोवर दुकान असेल का?"

"त्यावरही चर्चा केली जाणार नाही."

ती निघून गेली, पण सोमवारी सरांना घेऊन येते असं सांगून. सोमवारी बंद असतं हे त्याने सांगितलं नाही. मग एक निवृत्त गृहस्थ आले, त्यांनी पाटीतल्या दोन चुका दाखवल्या आणि तिसरी शोधत अर्धा तास उभे राहिले. मग दोन भाऊ आले, त्यांनी आवाज चढवला. अनंताने त्याहून चढवला. एकाने ग्राहक मंचाचं नाव काढलं, अनंताने त्याला मंचाचा पत्ता आणि वेळ सांगितली. दुपारपर्यंत अकरा-बारा जण झाले. सगळे त्याच्याच पेठेतले नाहीतर पलीकडच्या, सगळे भांडायला शिकून आलेले, आणि अनंत प्रत्येकाला पुरून उरला. त्याने मनाशी मुद्दे तयारच ठेवले होते. आणि मग एक नवल झालं. त्याने स्टुलावरची खोकी खाली ठेवली आणि तो बसला.

पोपटराव टोपल्या सोडून दारात आले. "खळदकर, बरं नाही का?"

"का? छान आहे."

"नाही, बसलात म्हणून विचारलं."

"बसतो माणूस कधीतरी."

एवढ्यात आनंद बोरकुटे आला. हातात तीच डबी, त्याने नवी घेतलेली. पाटीसमोर उभा राहून त्याने ती सावकाश वाचली, वरपासून खालपर्यंत. अनंताने स्टुलावर सरसावून बसत पहिला मुद्दा जिभेवर घेतला.

"बरं जी," आनंद म्हणाला. डबी सॅकमध्ये टाकली, हात वर करून नमस्कारासारखं काही केलं आणि चालू लागला.

अनंत तसाच बसला. पहिला मुद्दा जिभेवर होता, त्याचं काय करावं ते कळेना. बारा जणांनी भांडून त्याला हरवलं नव्हतं. ते भांडत होते तोवर वाद दोन बाजूंचा होता आणि दोन बाजू असल्या की पुणेकराला आपली बाजू सापडतेच. हा माणूस दोन बस बदलून आला, लिहिलेलं वाचलं, खरं मानलं आणि गेला. जसं पाच महिन्यांपूर्वी लेबलावरचं वाचलं आणि खरं मानलं.

"पोपटराव, दुकानाकडे बघा जरा."

"किती वेळ?"

तो उत्तर द्यायला थांबला नाही. स्कूटर दारातच होती, पण कसब्यातून स्कूटर काढण्यापेक्षा माणूस पायी लवकर पोचतो. कसबा गणपतीपासून तो पळतच निघाला. शनिवारवाड्यापाशी एका रिक्षावाल्याने त्याला शिवी दिली, ती त्याने अंगावर न घेता तिथेच सोडली. नव्या पुलावर दम लागला. नदीचा वास आला, नेहमीचाच. मनपाच्या बसस्थानकावर हिंजवडीची गाडी लागलेली होती, भरलेली, इंजिन सुरू. आनंद मधल्या खिडकीत होता.

"ओ आनंदराव! भांडा ना!"

"आं?" आनंदने कानातली गाण्याची वायर काढली. "काय झालं जी?"

"असं लिहिलेलं दिसलं की भांडायचं असतं. तुम्ही बरं म्हणून निघून कसे येता?"

"तुम्ही लिहून ठेवलं ना भाऊ. तुमचं बी नुकसानच होत असन, त्याच्याशिवाय काहून लिहिता? माणूस नाही म्हणला त नाही."

"काका, चढताय का?" कंडक्टर दारातून ओरडला. "का खिडकीतूनच तिकीट देऊ?"

"डबी द्या," अनंत म्हणाला. त्याने खिशातून नोटा काढल्या, निम्म्या मोजल्या, खिडकीच्या गजातून आत दिल्या. आनंदने डबी बाहेर काढली. सवयीने, धापा टाकतच, अनंताने विचारलं, "शेवट?"

"फुटबॉलचा काय शेवट असते जी?" आनंद म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मित्राचं लग्न झालं मे महिन्यात. आता तो ऑनलाइन येत नाही."

गाडी हलली. अनंत डबी धरून बराच वेळ स्थानकावर येरझाऱ्या घालत राहिला. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी त्याला दोनदा विचारलं की कुठे जायचंय.

दुकानात आल्यावर त्याने पाटी काढली. पोपटरावांनी तो पुठ्ठा मागून घेतला, टोपलीच्या तळाला बरा म्हणून. त्या दिवशी संध्याकाळी आणि पुढचे दोन आठवडे जो कोणी शिक्का घेऊन आला, त्याला अनंताने निम्मे दिले. सृष्टीला सोमवारी, सुट्टी असूनही दुकान उघडून, फोन करून बोलावलं. ती आली, पैसे घेतले आणि "सरांना उगीच यायला लावलं" असं म्हणाली. निवृत्त गृहस्थांकडे परत करायला काही नव्हतंच, ते पाटीसाठीच आले होते. नव्या मालासाठी ठेवलेले पैसे संपले तेव्हा वासंतीने तिच्या खात्यातले काढून आणले. वासंती बोलली नाही की अनंत घरातही हिंडायचा.

पैसे देऊन झाले आणि बाराव्या दिवशी बातमी आली: त्या बड्या कंपनीने विचार मागे घेतला. लोकांनी फार आरडाओरड केली म्हणे, जगभर. डिस्क पूर्वीसारखीच कोणालाही देता-घेता येणार होती. त्या दोन आठवड्यांत ज्यांनी डिस्क आणून टाकल्या होत्या, त्यातले काहीजण त्याच निम्म्या किमतीत परत मागायला आले. अनंताने पाऊण किंमत सांगितली. भांडणं पूर्ववत सुरू झाली आणि काही काळ बरं वाटलं.

पण कंपन्या तळ गळणाऱ्या टोपलीहून पुढे निघून गेल्या होत्या. आता टोपलीच नको असं त्यांचं ठरलं. गेम तारेतून थेट घरात उतरू लागले. डबी नाही, डिस्क नाही, लेबल लावायला जागाच नाही. वल्लरीने फोन करून सांगितलं की तिच्या टीमला नवं काम आलंय, समुद्राचं. यावेळी प्रत्येक खेळणाऱ्याचे पैसे येतील. "छान," अनंत म्हणाला, आणि त्याला ते खरोखरच छान वाटलं, म्हणून तो फोनवर बोलत बोलत थेट फडके हौदापर्यंत गेला. दुकानात मग चार्जर आले, मोबाइलच्या काचा आल्या. काचा बसवायला एका जागी बसावं लागतं. ते काही त्याला जमलं नाही.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये त्याने गाळा सोडला आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दिला. कार्यालयाने रीतसर दाखला दिला: 'सदर आस्थापना कायमस्वरूपी बंद झाल्याची खातरजमा करण्यात आली असून, आस्थापनाधारकाने सर्व व्यवहार पूर्ण केल्याचे, तसेच कोणत्याही ग्राहकाप्रती कोणतेही दायित्व शिल्लक नसल्याचे लेखी दिले आहे. सबब, सदर इसमाचा उपरोक्त व्यवसायाशी या दिनांकापासून कोणताही संबंध राहिलेला नाही.'

अकरा महिन्यांनी धायरीचे एक गृहस्थ शिक्क्याची एक डबी घेऊन पत्ता विचारत कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आले. त्यांनी ती डिस्क अनंताकडून घेतलेली नव्हती. चौथ्या हाताने घेतली होती. अनंताने लेबल वाचलं आणि निम्मे दिले.